आधी पाणी निवळू द्या, मग क्लोरीन घाला : पाणी पुरवणाऱ्या यंत्रणांना खुलं पत्र

प्रति,
जलशुद्धीकरण केंद्रांचे अभियंते, पाणी-प्रयोगशाळांचे प्रमुख आणि पिण्याच्या पाण्याची मानकं ठरवणारे अधिकारी

सप्रेम नमस्कार,

क्लोरीनमुळे पाण्यात तयार होणाऱ्या उपपदार्थांबद्दल, म्हणजे ज्यांतल्या काहींवर कर्करोगाचा संशय आहे अशा रसायनांबद्दल, कुणी विचारलं, की तुमच्याकडून साधारण दोनच उत्तरं येतात. एक, "मग काय, क्लोरीन बंद करू? कॉलरा चालेल?" आणि दुसरं, "आमचं पाणी मानकांनुसार आहे." पहिल्या उत्तरात दमदाटी आहे, दुसऱ्यात माहितीच नाही. विचारणारा गप्प बसतो आणि विषय मिटतो. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली बाई आहे. क्लोरीनची बाजू मी कितीदा तरी मांडली आहे, आजही मांडीन. तेव्हा हे पत्र क्लोरीनच्या विरोधात आहे असं समजून बाजूला सारू नका.

क्लोरीनचं ऋण मान्य करायला मला जड जात नाही. बेल्जियममधल्या मिडेलकर्क इथे १९०२ मध्ये आणि अमेरिकेतल्या जर्सी सिटीत १९०८ मध्ये पुरवठ्याच्या पाण्यात कायमस्वरूपी क्लोरीन घालायला सुरुवात झाली. वाळूचे फिल्टर आणि क्लोरीन या जोडीने पुढच्या काही दशकांत विषमज्वराला शहरांतून हुसकावून लावलं. क्लोरीन चुकला की काय होतं हे पाहायला फार मागे जायची गरज नाही. कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे २००० मध्ये गुरांच्या शेणातले जंतू पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत उतरले. क्लोरीनचा डोस अपुरा होता, नोंदवहीत मात्र आकडे व्यवस्थित लिहिलेले होते. सुमारे २३०० माणसं आजारी पडली, ७ दगावली. जंतूंचं मरण आठवड्यात येतं. उपपदार्थांचा धोका आयुष्यभराच्या हिशेबात, तोही हजारो माणसांची बेरीज केल्यावर दिसतो. दोन्हींतलं एकच निवडायचं असेल तर मी डोळे झाकून क्लोरीन निवडेन. पण अशी निवड करायची वेळ फार क्वचित येते. बहुतेक ठिकाणी ती आपल्या सोयीसाठी उभी केलेली असते.

पेरूचं उदाहरण तर तुमच्या सभांमध्ये हमखास निघतं. १९९१ मध्ये तिथे कॉलऱ्याची साथ आली, त्या एका वर्षात ३ लाखांहून अधिक रुग्ण आणि सुमारे २९०० मृत्यू. उपपदार्थांच्या भीतीने क्लोरीन थांबवला म्हणून हे झालं, असं तेव्हा छापून आलं आणि ते अजून फिरतं आहे. नंतर ज्यांनी ही गोष्ट तपासली त्यांना मोडकळीला आलेल्या वाहिन्या, पाण्यात मिसळणारं सांडपाणी आणि मुळातच तोकडी क्लोरीन-व्यवस्था दिसली. कर्करोगाच्या भीतीपेक्षा पैशाची आणि देखभालीची वानवा मोठी होती. प्रश्न विचारणाऱ्याला घाबरवायला ही गोष्ट वापरणं आता पुरे करा.

आता मूळ मुद्दा. १९७४ साली रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातले रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी दाखवून दिलं, की नदीच्या कच्च्या पाण्यात नसलेला क्लोरोफॉर्म क्लोरीन घातल्यानंतर पाण्यात येतो. त्याच वर्षी अमेरिकेतही बेलर, लिश्टेनबर्ग आणि क्रोनर यांनी हेच मांडलं. कारखान्याच्या सांडपाण्याशी याचा संबंध नव्हता. कुजलेली पानं, माती, शेवाळ यांतून पाण्यात उतरणारी, पाण्याला चहासारखी पिवळट छटा देणारी ह्युमिक द्रव्यं हीच क्लोरीनशी संयोग पावत होती. म्हणजे रानातून येणारं, दिसायला निर्मळ, कुठल्याही कारखान्याचा वाराही न लागलेलं पाणी क्लोरोफॉर्म बनवण्यात अव्वल ठरू शकतं. त्यात ब्रोमाइड हा समुद्राच्या पाण्यातला क्षार असेल, म्हणजे समुद्राचं पाणी भूजलात शिरत असेल, तर क्लोरीन आधी ब्रोमाइडला जागं करतो आणि ब्रोमीनयुक्त उपपदार्थ बनतात. ते वजनाला जड आणि पेशींवरच्या प्रयोगांत क्लोरीनच्या भावंडांपेक्षा बहुतेकदा जास्त विषारी.

क्लोरोफॉर्म आणि त्याचे तीन ब्रोमीनयुक्त नातेवाईक मिळून ट्रायहॅलोमिथेन, आपल्या बोलण्यातले टीएचएम. दुसरा मोठा गट हॅलोअ‍ॅसेटिक आम्लांचा. याशिवाय हॅलोअ‍ॅसिटोनायट्राइल आणि आणखी कितीतरी. आजवर ७०० हून अधिक उपपदार्थ ओळखले गेले आहेत, आणि तरीही क्लोरीन घातलेल्या पाण्यात हॅलोजनशी (म्हणजे क्लोरीन, ब्रोमीन यांसारख्या मूलद्रव्यांशी) जोडलेल्या सेंद्रिय द्रव्यातला निम्म्याहून अधिक भाग अजून नावानिशी ओळखता आलेला नाही. टीएचएमवरून बाकीच्यांचा अंदाज बांधणं ही शितावरून भाताची परीक्षा आहे. परीक्षा म्हणून चालेल, पण एक शीत मऊ लागलं म्हणून अख्खं पातेलं शिजलं, अशी पावती त्यावर देऊ नये.

आरोग्याच्या धोक्याबद्दल मला अतिशयोक्ती करायची नाही, कारण भीती विकणारे आधीच पुष्कळ आहेत. क्लोरोफॉर्मचं उदाहरण घ्या. १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तो मक्याच्या तेलातून थेट पोटात दिला, तेव्हा लहान उंदरांना यकृताच्या आणि मोठ्या उंदरांना मूत्रपिंडाच्या गाठी झाल्या. पुढे तोच क्लोरोफॉर्म पिण्याच्या पाण्यातून दिला, तर लहान उंदरांच्या यकृतात तसा परिणाम दिसला नाही. एकदम मोठा घोट पेशी मारतो, दिवसभरातले छोटे घोट यकृत पचवतं, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना क्लोरोफॉर्मसाठी लिटरमागे ३०० मायक्रोग्रॅम इतकी सैल मर्यादा सुचवते, आणि त्याच्याच नात्यातल्या ब्रोमोडायक्लोरोमिथेनला ६० वर थांबवते. चौघांची नुसती बेरीज पाहणाऱ्या अहवालात हा फरक पुसला जातो. एका ठिकाणी १०० मधले ९० क्लोरोफॉर्मचे, दुसऱ्या ठिकाणी १०० मधले ८० ब्रोमीनयुक्त, आणि कागदावर दोन्ही पाणी सारखंच! त्या संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्येकाला त्याच्या मर्यादेने भागून ती बेरीज १ च्या आत ठेवायला सांगितलं आहे. ती बेरीज तुमच्यापैकी किती जण करता?

माणसांवरच्या अभ्यासांत सर्वांत सातत्याने पुढे येतो तो मूत्राशयाचा कर्करोग. अनेक वर्षं जास्त टीएचएम असलेलं पाणी वापरणाऱ्यांत त्याचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसतं. थोडंच, धूम्रपानाच्या तुलनेत तर फारच थोडं. पण पाणी सगळेच वापरतात. युरोपीय संघाच्या देशांचे आकडे घेऊन २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी टीएचएम लिटरमागे ११.७ मायक्रोग्रॅम निघालं, आणि त्या संबंधाला कारण मानलं तर दर वर्षी मूत्राशयाच्या कर्करोगाचे ६,५६१ रुग्ण, म्हणजे ४.९ टक्के, यामुळे असावेत असा अंदाज मांडला गेला. त्यात सर्वांत जास्त सरासरी सायप्रसची, ६६.२. तिथली कायदेशीर मर्यादा १००. म्हणजे हे सगळं राष्ट्रीय सरासरीच्या पातळीवर मानकांच्या आतलं पाणी आहे. हा अंदाज आहे, निकाल नाही, हे मी चार लोकांत बोलतानाही सांगते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये क्लोरीनयुक्त पाण्याला "वर्गीकरण करता येत नाही" असा शेरा दिला होता, त्याच वेळी काही सुट्या उपपदार्थांना संभाव्य कर्करोगकारकांच्या यादीत टाकलेलं आहे. गर्भपात आणि कमी वजनाची बाळं यांबद्दलचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे त्यावर मी काही बोलणार नाही.

एक गोष्ट मात्र नेहमी निसटते. पाणी फक्त प्यायलं जात नाही. क्लोरोफॉर्म ६१ अंशांवर उकळतो, गरम पाण्याच्या फवाऱ्यातून तो हवेत सहज सुटतो. १९९० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत १० मिनिटांच्या शॉवरनंतर माणसांच्या उच्छ्वासात तो मोजता आला, आणि कातडीतून शिरलेला वाटा नाकातून शिरलेल्याच्या जवळपास निघाला. बाटलीतलं पाणी पिणारा माणूस अंघोळही त्याने करत नाही. हॅलोअ‍ॅसेटिक आम्लांचं उलट आहे, ती उडत नाहीत, त्यामुळे ती येतात ती पिण्यातूनच. उकळून टीएचएम बरेच कमी होतात, ही आम्लं पातेल्यातच राहतात. तेव्हा "घरी पाणी उकळून घ्या" हा तुमच्या माहितीपत्रकातला सल्ला जंतूंसाठी उत्तम आहे, या प्रश्नावर अर्धाच. कार्बनचा फिल्टर टीएचएम धरतो खरा, पण क्लोरीनही काढून टाकतो आणि काडतूस वेळेवर बदललं नाही तर त्यातच जंतू घर करतात. ज्याची ऐपत आहे त्याने यंत्र घ्यावं आणि बाकीच्यांनी नशिबावर सोडावं, ही पाणीपुरवठ्याची रीत नव्हे.

म्हणून घराच्या नळाकडून मी तुमच्या केंद्राकडे वळते. उपपदार्थ किती बनणार हे फक्त क्लोरीनच्या डोसवर ठरत नाही. पाण्यात सेंद्रिय द्रव्य किती, पाणी किती गरम, त्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणा) किती आणि क्लोरीन त्यात किती तास राहिला, हे सगळं मिळून ठरवतं. यातली सेंद्रिय द्रव्याची आणि वेळेची दोरी तुमच्या हातात आहे. आणि नेमकी तीच सोडून आपण डोसशी खेळत बसतो.

सांगते कसं. पुराचं पहिलं पाणी येतं. गढूळपणा वाढतो, रंग वाढतो, वास येतो. लगेच कच्च्या पाण्यातच, गाळ बसायच्या आधी, क्लोरीनचा डोस चढवला जातो. प्री-क्लोरिनेशन. शेवाळ मरतं, रंग उतरतो, टाकीच्या भिंती स्वच्छ राहतात, ड्यूटीवरचा माणूस निश्चिंत होतो. त्या क्षणी क्लोरीन सर्वांत जास्त सेंद्रिय द्रव्याशी, सर्वांत जास्त वेळ भिडलेला असतो. जे द्रव्य पुढच्या दोन टप्प्यांत तुरटीने खाली बसून वाहून गेलं असतं, त्याच्याच टीएचएमच्या गोळ्या आपण वळून ठेवतो. आणि एकदा बनलेले टीएचएम वाळूचा फिल्टर अडवत नाही.

तुरटीचा डोस कशावर ठरतो? जार टेस्टमध्ये, म्हणजे भांड्यांत तुरटीचे वेगवेगळे डोस घालून पाहण्याच्या चाचणीत, पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसेपर्यंत, गढूळपणाचा आकडा खाली येईपर्यंत. पण विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य गढूळपणात दिसत नाही. ते काढायला बरेचदा तुरटी थोडी जास्त आणि पीएच थोडा कमी लागतो. अमेरिकेने १९९८ च्या नियमात नदी-तलावांचं पाणी नेहमीच्या पद्धतीने शुद्ध करणाऱ्या केंद्रांना सेंद्रिय कार्बन किती टक्के काढायचा हेच बांधून दिलं, पाण्याच्या प्रतीनुसार १५ ते ५० टक्के. महागडं उपकरण नसेल तर २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचं शोषण मोजा, काही मिनिटांचं काम आहे. जार टेस्टच्या तक्त्यात गढूळपणाच्या शेजारी तो एक रकाना वाढवायचा. इतक्यावर बरंच काही अवलंबून आहे, आणि खर्चाच्या यादीत हे बहुधा सर्वांत खालच्या ओळीत बसेल.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचं नाव घेतलं की सगळ्यांना तिथल्या नळाच्या पाण्यात आलेलं शिसं आठवतं. त्याच्या आधीचा अंक कमी लोकांना माहीत आहे. एप्रिल २०१४ मध्ये त्या शहराने सरोवराचं पाणी सोडून नदीचं पाणी घ्यायला सुरुवात केली. उन्हाळ्याच्या शेवटी नळांत विष्ठेतले जंतू सापडले, पाणी उकळून प्यायच्या सूचना निघाल्या. उपाय म्हणून क्लोरीन वाढवला. नदीच्या पाण्यातली सेंद्रिय द्रव्यं आणि गंजणाऱ्या लोखंडी वाहिन्या दोघंही त्या क्लोरीनला खात होते. जानेवारी २०१५ मध्ये टीएचएम मर्यादेबाहेर गेल्याची नोटीस लोकांच्या घरी पोहोचली. एकाच वर्षात जंतूही आणि उपपदार्थही! तुमच्या पहिल्या उत्तरातलं "हे नाहीतर ते" तिथे एकाच नळातून आलं. पाणी न निवळता त्यात नुसता क्लोरीन ओतत गेलं की असंच होतं.

आता वेळेची दोरी. केंद्रातून निघालेलं पाणी शेवटच्या नळाला कधी काही तासांनी पोहोचतं, कधी काही दिवसांनी. वाटेतल्या अवाढव्य टाकीत ते पडून राहिलं, की टीएचएम वाढतच जातं. शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक मिळावा म्हणून केंद्रावरच भरमसाट डोस द्यायचा ही सवय सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. त्याऐवजी केंद्रावर बेताचा आणि वाटेत टाकीवर पुन्हा थोडा डोस दिला, बंद टोकाच्या वाहिन्या वॉशआउट (पाणी सोडून देण्याची झडप) उघडून नियमित धुतल्या, टाक्यांची पातळी रोज खालीवर होऊ दिली, तर तेच ०.२ कमी क्लोरीनमध्ये गाठता येतं. मात्र एक लक्षात ठेवा. हॅलोअ‍ॅसेटिक आम्लं शेवटच्या टोकाला कधी कधी कमी झालेली दिसतात. क्लोरीन संपलेल्या वाहिनीत जंतू ती खातात. तिथला कमी आकडा पाहून पेढे वाटू नका, तो दुसऱ्याच आजाराची खूण आहे.

क्लोरीन बदलून टाकणं हा सर्वांत आकर्षक मार्ग वाटतो, आणि सर्वांत घसरडा तोच. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनने नोव्हेंबर २००० मध्ये उपपदार्थांचे नियम पाळण्यासाठी शिल्लक क्लोरीनच्या जागी क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचं संयुग) आणलं. टीएचएम उतरले. पण वाहिन्यांच्या आतला शिशाचा थर मोकळ्या क्लोरीनमुळे टिकून होता, तो क्लोरामाइनमध्ये विरघळू लागला आणि हजारो घरांच्या पाण्यात शिसं आलं. २००४ मध्ये ते उघड झालं. ओझोन वापरा, तर ब्रोमाइडपासून ब्रोमेट बनतं, त्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. क्लोरीन डायऑक्साइड घ्या, तर क्लोराइट आणि क्लोरेट. नेदरलँड्समध्ये क्लोरीनशिवाय पाणी पुरवतात, हे मलाही ठाऊक आहे. त्यांनी आधी स्रोत जपले, शुद्धीकरणाचे एकामागून एक अडसर उभे केले, गळती नगण्य केली, वाहिन्यांत चोवीस तास दाब ठेवला, आणि शेवटी क्लोरीनची गरजच उरली नाही. त्यांची शेवटची पायरी पाहून कुणी पहिलीवरून थेट तिथे उडी मारू नये.

मानकं ठरवणाऱ्यांना एकच सांगायचं आहे, सरासरीचं. अमेरिकेत १९७९ मध्ये टीएचएमसाठी १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा आली, तीही १०,००० पेक्षा जास्त लोकांना पाणी देणाऱ्या यंत्रणांपुरती. पुढे ती ८० वर आणली. पण सगळ्या ठिकाणांची वर्षभराची एकत्र सरासरी धरत असल्यामुळे एखाद्या वस्तीला वर्षभर १२० मिळत राहिले, तरी कागदावर यंत्रणा पास होऊ शकायची. २००६ च्या नियमाने प्रत्येक ठिकाणाची सरासरी वेगळी धरायला लावली. जिथे अजून जुनी पद्धत आहे, तिथे शेवटच्या टोकावर राहणारी माणसं अहवालात अस्तित्वातच नसतात.

तेव्हा या पत्राचं उत्तर म्हणून मला निवेदन नको, कोष्टक पाठवा. ठिकाणवार आणि महिनावार. क्लोरीन घालण्यापूर्वीच्या पाण्यातला सेंद्रिय कार्बन, क्लोरीनचा डोस आणि तो कुठे घातला ते, शेवटच्या नळाचा शिल्लक क्लोरीन, चारही टीएचएम सुटे सुटे, आणि हॅलोअ‍ॅसेटिक आम्लं. डोस आणि शिल्लक क्लोरीन तुमच्या नोंदवहीत आहेतच. बाकीचं मोजायला प्रयोगशाळा लागेल, नसेल तर दुसरीकडून करून घ्या. पहिला नमुना पुराच्या पहिल्या पाण्याच्या दिवसांतला आणि सर्वांत लांबच्या नळाचा असू द्या. टीएचएमची बाटली काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, आणि शिल्लक क्लोरीन मारायला त्यात सोडियम थायोसल्फेट घालायला विसरू नका, नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बाटलीतच टीएचएम वाढत राहतील.

कळावे,
आपली,
पाण्याच्या प्रयोगशाळेतली एक निवृत्त रसायनतज्ज्ञ